राणी रंगाची पैठणी फोटोत जांभळी का होते? ग्रे कार्ड, लाइटरूम आणि खिडकीतला उजेड

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई येवल्याहून पैठण्या आणून पुण्यातल्या आपल्या फ्लॅटमधून विकतात. हॉलमध्ये खिडकीशेजारी स्टँडवर साडी लावतात, कॅमेऱ्यावर रॉ फाइल (कॅमेऱ्याने रंग न शिजवलेली कच्ची फाइल) काढतात, सोबत ग्रे कार्डाचा, म्हणजे रंगाची झाक नसलेल्या राखाडी कार्डाचा, एक फोटो घेतात आणि लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपरने (रंग मोजणाऱ्या खुणेने) त्या कार्डावर क्लिक करून बाकीच्या फोटोंना तोच व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, लावतात. तरी राणी रंग जांभळट येतो, वांगी निळसर येतो, आणि 'फोटोत वेगळी दिसत होती' म्हणून दोन साड्या परत आल्या. कार्ड नकली आहे का, की क्लिक चुकतंय, असं त्या विचारतात. सोबत दोन रॉ फाइल पाठवल्या आहेत.

ताई, कार्ड चांगलं आहे आणि क्लिकही बरोबर जागी करताय. चुकली आहे ती कार्ड धरायची जागा. दुसऱ्या फाइलमध्ये आणखी एक वेगळी भानगड आहे, तिच्याकडे नंतर येतो.

पहिली फाइल उघडली. कार्ड तुमच्या डाव्या हातात आहे, लेन्सपासून हातभर अंतरावर, कोपऱ्यात अंगठाही आलाय. साडी मागे दीड-दोन मीटरवर, खिडकीला लागून. कॅमेरा 'डेलाइट'वर ठेवला होतात, म्हणून फाइल ५५०० केल्विनच्या आसपास उघडली (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). ड्रॉपर कार्डावर नेला तेव्हा आकडे दिसले ते असे: लाल ५१, हिरवा ४७, निळा ३९ टक्के. म्हणजे कार्डावर पडलेला उजेड चांगलाच पिवळट आहे. क्लिक केलं तशी टेम्पची, म्हणजे केल्विनची, पट्टी ४१५० वर आली, तिन्ही आकडे सारखे झाले आणि कार्ड अगदी राखाडी दिसायला लागलं. त्याच क्षणी साडीमागची पांढरी भिंत फिकट निळी झाली. स्टँडच्या स्टीलच्या पाइपवरही निळसर रेघ आली.

कारण तुम्ही उभ्या होतात छतातल्या एलईडीखाली, आणि साडी होती खिडकीच्या उजेडात. कार्डाने तुमच्या डोक्यावरच्या दिव्याची माहिती दिली. सॉफ्टवेअरने त्या पिवळट उजेडाला उतारा म्हणून अख्ख्या फोटोत निळा वाढवला. साडीवर पिवळट उजेड नव्हताच, त्यामुळे तिला तो निळा फुकटचा मिळाला. राणी रंगात निळा मिसळला की जांभळा होणार, आणि वांगी आणखी निळं होणार. हे तर आपण शाळेत वॉटर कलरच्या पेटीत करून पाहिलंय.

ग्रे कार्ड साडीबद्दल काहीच सांगत नाही, ते फक्त स्वतःवर पडलेल्या उजेडाबद्दल सांगतं. त्यामुळे ते साडीच्या जागी, साडीच्याच उजेडात असायला हवं. साडीला टेकवून, पदराच्या पातळीत, त्याच कोनात. तुम्ही एकट्याच काम करत असाल तर कार्डाला वरच्या कडेला भोक पाडून दोरी लावा आणि स्टँडवर साडीच्या काठाशी लटकवा, किंवा कपड्यांचा चिमटा वापरा. कार्ड फ्रेमभर मोठं दिसायची गरज नाही. फ्रेमच्या रुंदीचा दहावा भाग व्यापला तरी ड्रॉपरला पुरतं. कॅमेरा जवळ न्यायचा झाला तर तुमची सावली किंवा तुमच्या ड्रेसचा रंग कार्डावर पडणार नाही एवढं बघा. लाल कुर्ता घालून कार्डासमोर दोन फुटांवर उभं राहिलं तर तो लाल कार्डात उतरतो. मी साड्यांच्या कामाला काळा टीशर्ट घालून जातो, आणि लोकांना वाटतं ही फोटोग्राफर मंडळींची स्टाइल आहे.

आता हे क्लिक नेमकं करतं काय, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढची गडबड स्वतःच ओळखता येईल. सेन्सरवर लाल, हिरवे आणि निळे असे बारीक फिल्टर असतात, आणि रॉ फाइलमध्ये प्रत्येकाने किती उजेड पकडला याची कच्ची नोंद असते. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल आणि निळ्या नोंदीला एकेका संख्येने गुणणं, इतकंच. राखाडी वस्तू तिन्ही रंग सारख्याच प्रमाणात परत फेकते. म्हणून तिच्या जागी तिन्ही आकडे सारखे येईपर्यंत गुणक बदलायचे. तेच गुणक मग संपूर्ण फोटोला लागतात. साडीचा रंग कुठला, काठाची सोनेरी जर खरी की खोटी, यातलं काही सॉफ्टवेअरला कळत नाही.

टेम्पच्या पट्टीबाबत नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. २८०० केल्विन म्हणजे पिवळ्या बल्बचा उजेड, मग पट्टी २८०० कडे नेली की फोटो निळा का होतो? कारण ती पट्टी 'उजेड असा होता' असं सॉफ्टवेअरला सांगते, 'फोटो असा कर' असं नाही. तुम्ही म्हणालात उजेड पिवळा होता, तर ते निळा वाढवून फिटंफाट करणार. दुसरी गोष्ट, केल्विनचे आकडे सगळीकडे सारख्या वजनाचे नसतात. २८०० चे २९०० केले तर फरक डोळ्याला लगेच दिसतो. ६५०० चे ६६०० केले तर बहुतेकांना कळणारही नाही. दहा लाखाला केल्विनने भागलं की जो आकडा येतो त्याला मायर्ड म्हणतात, आणि तो डोळ्याच्या बराच जवळ जातो. पहिल्या बदलात तो १२ ने हलतो, दुसऱ्यात जेमतेम २ ने. तुमच्या फाइलमध्ये कार्ड म्हणतंय ४१५०, आणि साडीवरचा उजेड माझ्या अंदाजाने ५४०० च्या आसपास होता. म्हणजे छप्पन्न मायर्डची चूक. एवढ्यात राणीची जांभळी सहज होते.

टेम्पखाली टिंटची पट्टी असते, हिरव्याकडून किरमिजीकडे जाणारी. तिच्याकडे लोक बघतच नाहीत. ऊन, बल्ब, मेणबत्ती हा सगळा निळ्या-पिवळ्याचा खेळ आहे, तो टेम्पवर भागतो. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीत मात्र हिरवा जास्त असतो. लाइटरूमच्या यादीत 'फ्लोरोसंट' निवडून बघा, टिंट अधिक २१ वर जातो, तो त्यासाठीच. तुमच्या खिडकीबाहेर बाल्कनीला हिरवी जाळी लावलेली दिसतेय. तिच्यातून गाळून आलेल्या उजेडाला हिरवी झाक असतेच. कार्ड योग्य जागी ठेवलंत तर ती झाक कार्ड सांगेल आणि टिंट आपोआप वर जाईल. शक्य असेल तर फोटोंच्या दिवशी जाळी बाजूला सारा, ते जास्त बरं. हाच प्रकार समोरच्या इमारतीच्या गुलाबी रंगाचा, पिवळ्या डिस्टेंपरचा, लाल सतरंजीचा. उजेड ज्यावर आपटून येतो त्याचा रंग घेऊन येतो.

म्हणून पहिलं काम एडिटिंगचं नाहीच. हॉलमधले सगळे दिवे बंद करा, देवघरातला छोटा बल्बसुद्धा. मग साडीच्या जागी कार्डाचे तीन फोटो घ्या: खिडकीकडच्या टोकाला, मधोमध, आणि आतल्या टोकाला. लाइटरूममध्ये तिन्हींवर क्लिक करून आकडे कागदावर लिहा. दोनशे-अडीचशे केल्विनचा फरक असेल तर निवांत कामाला लागा. खिडकीकडे ५६०० आणि आत ४७०० असं आलं तर साडीवर दोन प्रकारचे उजेड पडताहेत, आणि अशा साडीला कुठलाही एक व्हाइट बॅलन्स पुरा पडत नाही. मग आतल्या बाजूला पांढरा थर्माकोलचा शीट उभा करा. खिडकीचाच उजेड परतवून तो साडीच्या अंधाऱ्या बाजूला देतो, म्हणजे रंगही तोच राहतो. ही तीन कार्डांची चाचणी मी नव्या जागी गेलो की आधी करतो, चहा येईपर्यंत होऊन जाते.

खिडकीचा उजेड स्वस्त आणि सुंदर, पण बेभरवशाचा. ढग आला, ऊन समोरच्या भिंतीवरून सरकलं, की पाचशे केल्विन इकडचे तिकडे होतात. त्यामुळे सकाळी एकदा काढलेलं कार्ड दुपारच्या साडीला चालत नाही. दर साडीला एक कार्ड ठेवा. साडी बदलायला पाच मिनिटं लागतात, कार्डाला पाच सेकंद. शिवाय कार्डाचा फोटो आला की एडिट करताना नवी साडी कुठे सुरू झाली तेही कळतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ग्रे कार्डावर '१८ टक्के' लिहिलेलं असतं आणि लोक त्यालाच पकडून बसतात. ते १८ टक्के एक्स्पोजर मोजण्यासाठी आहेत. व्हाइट बॅलन्सला कार्ड १८ टक्के आहे की ३०, याने फरक पडत नाही. त्यात रंगाची झाक नसणं महत्त्वाचं. मात्र ते फार उजळ नको. पांढऱ्या वस्तूवर एखादा रंग, बल्बखाली बहुधा लाल, आधीच शंभर टक्क्यांना जाऊन चिकटलेला असतो. मग सॉफ्टवेअरला त्याची खरी किंमत कळतच नाही. लाइटरूम अशा वेळी 'इथे जमणार नाही, जागा फार उजळ आहे' असं सांगून क्लिक नाकारतं. फार काळोखी जागाही नको, तिथे नॉइज (अंधारातले खोटे रंगीत ठिपके) मोजला जातो. कार्ड चाळीस ते साठ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असलं की निर्धास्त.

'घरातला पांढरा कागद चालेल का' हे पुढे कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो. झेरॉक्सचा कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. ते अतिनील किरण घेऊन निळा उजेड बाहेर टाकतं. तुमच्या ओळखीच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर त्याखाली कागद धरा, निळा पेटल्यासारखा दिसेल. धुण्याच्या पावडरमध्येही असली द्रव्यं असतात, आणि निळीची छटा तर आपण हौसेने कपड्याला देतो. म्हणून लग्नात आजोबांच्या टोपीवर किंवा धोतरावर ड्रॉपर टेकवला की सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं पिवळं होतं. सॉफ्टवेअरला वाटतं उजेडच निळा होता, आणि ते पिवळा वाढवतं. ग्रे कार्ड त्याच दिव्याखाली धरा. चांगलं असेल तर ढिम्म राहील. घरच्या प्रिंटरवर राखाडी चौकोन छापून कार्ड करू नका. तो राखाडी रंगीत शाईच्या थेंबांतून बनतो आणि एका उजेडात राखाडी तर दुसऱ्यात तांबूस दिसतो.

अगदीच अडलं तर एक गावठी उपाय आहे, आणि तो शास्त्राला धरून आहे. नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टेफ्लॉन दिसणाऱ्या सगळ्या रंगांना जवळजवळ सारखंच परत फेकतं आणि त्यात चमकवणारं रसायन नसतं. एका पुठ्ठ्यावर ती भरपूर थर देऊन गुंडाळा, कारण एकच थर अर्धपारदर्शक असतो आणि खालच्या पुठ्ठ्याचा रंग वर येतो. हे पांढरं आहे, त्यामुळे त्याचा फोटो एक-दीड स्टॉप अंधारा घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). माझ्या बॅगेत असा एक पुठ्ठा कायम असतो, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी एका हळदीला गेलो होतो. अंगणात मांडव, नवरीच्या अंगावर पिवळी साडी, सगळ्यांचे हात पिवळे. अशा ठिकाणी ऑटो व्हाइट बॅलन्स हमखास फसतो, म्हणून मी शहाण्यासारखं कार्ड काढलं आणि नवरीच्या करवलीच्या हातात दिलं. 'चेहऱ्याशेजारी धर' म्हणालो. तिने प्रेमाने धरलं, हळदीच्या बोटांनी. रात्री घरी येऊन मी कार्डाच्या मधोमध क्लिक केलं आणि सगळी हळद थंडगार झाली, माणसं आजारी वाटायला लागली. बराच वेळ मी मांडवाच्या कापडाला दोष देत होतो. शेवटी शंभर टक्क्यांवर मोठं करून पाहिलं तेव्हा कार्डावर बोटांचे दोन पिवळे ठसे दिसले. ठसे सोडून स्वच्छ कोपऱ्यावर क्लिक केलं आणि काम झालं. हळदीचा डाग उन्हात उडतो म्हणून कार्ड चार दिवस गच्चीवर ठेवलं. डाग फिका झाला, पण त्या कार्डावर पुन्हा विश्वास बसेना. प्लॅस्टिकचं धुता येणारं कार्ड घेतलं ते तेव्हापासून.

आता लाइटरूममधलं प्रत्यक्ष काम. हे तुम्हाला येतं, तरी दोन-तीन खाचा सांगतो. आयात करताना कुठलाही प्रीसेट, म्हणजे आयती ठरवलेली सेटिंग, लावू नका. प्रीसेटमध्ये बहुतेक वेळा सावल्यांना निळा, उजळ भागाला नारिंगी असा रंग भरलेला असतो. मग व्हाइट बॅलन्स बरोबर असूनही कार्ड राखाडी दिसत नाही, आकडे जुळत नाहीत, आणि माणूस टिंटशी झटापट करत बसतो. कार्डाचा फोटो निवडा, डब्ल्यू दाबा, ड्रॉपर कार्डाच्या सपाट, चमक नसलेल्या जागी न्या. क्लिक करण्याआधी कार्डावर चार ठिकाणी नुसता फिरवून आकडे बघा. डावीकडे निळा ४२ आणि उजवीकडे ४६ असं दिसलं तर कार्ड वाकडं धरलं गेलंय किंवा त्यावर दुसरा उजेड पडलाय. चारही ठिकाणी सारखं असेल तरच क्लिक.

मग कार्डाच्या फोटोपासून त्या साडीचे सगळे फोटो निवडा. कार्डाचा फोटो मुख्य निवडलेला, म्हणजे सगळ्यांत उजळ चौकटीचा, असू द्या. सिंक दाबलं की लांबलचक यादी येते. त्यात सगळ्या खुणा काढून फक्त व्हाइट बॅलन्सवर खूण ठेवा. नाहीतर कार्डाच्या फोटोचा क्रॉपही सगळ्या साड्यांना लागतो आणि दहा मिनिटं शोधाशोध होते. आणखी एक, कार्डाच्या फोटोवर जर 'अ‍ॅज शॉट' लिहिलेलं असेल तर सिंक केल्यावर तेच जातं. प्रत्येक फोटो मग कॅमेऱ्याने आपापला ठरवलेला आकडाच धरून बसतो. ड्रॉपरने क्लिक केलं की तिथे 'कस्टम' येतं, ते आलंय याची खात्री करा. एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट वगैरे सगळं यानंतर.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: कॅमेरा रॉमध्ये हाच ड्रॉपर आय दाबून येतो. फोटोशॉपमध्ये कर्व्हजच्या तीन ड्रॉपरांपैकी मधला राखाडीचा. डार्कटेबलच्या नव्या आवृत्त्यांत कार्डावरून रंग घ्यायचा तो 'कलर कॅलिब्रेशन' या मोड्यूलमध्ये. तिथला 'व्हाइट बॅलन्स' मोड्यूल कॅमेऱ्याच्या मूळ संदर्भावर तसाच ठेवायचा, दोन्हीकडे हात लावला तर दुरुस्तीवर दुरुस्ती होते.

फोनवर काढणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: साडी बदलली की भिंतीचाही रंग बदलतो. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स ढोबळमानाने असं गृहीत धरतो की समोरच्या दृश्यातले सगळे रंग मिसळले तर राखाडी व्हावेत. फ्रेमभर राणी रंग दिसला की त्याला वाटतं उजेडच गुलाबी आहे, आणि तो साडीचा रंग मारून टाकतो. हिरव्या साडीला उलटं. अनेक अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये केल्विनचा आकडा पक्का करता येतो. तो पक्का करा, आणि फोन रॉ देत असेल तर रॉ घ्या. जेपेगवर ड्रॉपर चालतो, स्नॅपसीडमध्येही आहे, पण जेपेगमध्ये कॅमेऱ्याने रंग आधीच शिजवलेला असतो. कार्ड राखाडी होतं, तरी सावल्यांत आणि निऱ्यांच्या खाचांत जुनी झाक राहून जाते. शिजलेल्या भातातलं मीठ कमी करण्यासारखं आहे ते.

आता तुमची दुसरी फाइल. ही रात्री काढलेली, नुसत्या एलईडीवर. इथे कार्ड साडीशेजारीच आहे, क्लिक केल्यावर आकडे जुळतात, भिंतही पांढरी दिसते. तरी कुंकवासारखा लाल विटकरी दिसतोय. हे व्हाइट बॅलन्सने सुटणार नाही. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल फार थोडा असतो. उजेडात जे नाही ते साडी परत कुठून फेकणार? राखाडी कार्ड सगळे रंग सारखेच परतवतं, त्यामुळे तीन आकडे जुळवता येतात. पण लाल धाग्याला हवा असलेला तो नेमका लाल आलाच नाही, तर गुणून काय वाढणार? साडीच्या दुकानात अनुभवी बायका पदर धरून पायरीपर्यंत येतात आणि बाहेरच्या उजेडात रंग बघतात, त्याचं कारण हेच. रात्री काम करणं भाग असेल तर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ किंवा त्यावरचे दिवे घ्या, आणि खोक्यावर आर९ चा आकडा दिलेला असेल तर तोही वाचा. गडद लाल किती खरा दिसेल ते हा आर९ सांगतो. दिव्यांचा उजेड लुकलुकत असतो, म्हणून ट्रायपॉडवर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवा. नाहीतर लागोपाठच्या दोन फोटोंत रंग वेगळा येईल आणि दोष कार्डावर जाईल.

याच फाइलमध्ये तुम्ही क्लिकनंतर टेम्प पुन्हा चारशेने पिवळ्याकडे नेलेला दिसतोय. कारणही ओळखलं: काठाची जर पांढुरकी दिसत होती. हे जवळजवळ प्रत्येक जण करतं आणि इथेच साडीचं अंग बिघडतं. जर आरशासारखी असते, समोर जे आहे ते दाखवते. समोर पांढरी भिंत किंवा पांढरा थर्माकोल असेल तर तीत पांढरंच दिसणार. थर्माकोल थोडा बाजूला सरकवा, उजेड तिरका येऊ द्या, म्हणजे जरीच्या काही धाग्यांत उजेड आणि काहींत काळोख दिसेल आणि ती लगेच सोनेरी वाटेल. तरीही ऊब हवीच असेल तर मास्कमध्ये रंगाच्या निवडीने फक्त काठाची जर उचलून तेवढीच गरम करा. अख्ख्या फोटोची टेम्प हलवायची नाही.

आणि धूपछाव. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कोन बदलताच साडीचा रंग पालटतो. अशा साडीचा 'खरा' रंग एका फोटोत मावत नाही, मग कार्ड कितीही चोख असो. एक फोटो सपाट, एक मोठ्या घडीचा, आणि दोन्हीला एकच व्हाइट बॅलन्स. मोरपंखीला हे हटकून करा.

तुम्ही लिहिलंत की मुलं झोपली की रात्री एडिटिंगला बसता. लॅपटॉपवर नाइट लाइट चालू आहे का बघा. विंडोजमध्ये तो सूर्यास्तानंतर आपोआप लागेल असा ठेवता येतो, आणि स्क्रीन पिवळी होते. ड्रॉपरचे आकडे स्क्रीनवर अवलंबून नसतात, पण तुमचा डोळा असतो. आकडे बरोबर असून फोटो पिवळा वाटतो, मग हात पट्टीकडे जातो. नाइट लाइट बंद ठेवा. जमलं तर स्क्रीन कॅलिब्रेट करून घ्या: ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजळपणा शंभर-एकशेवीस कँडेलाच्या आसपास. ते होईपर्यंत आकड्यांवर विश्वास ठेवा.

गिऱ्हाइकाचा फोन आपल्या हातात नाही. कुणाचा 'व्हिव्हिड'वर असतो, कुणाचा रात्रीच्या मोडवर. शिवाय काही रंग एसआरजीबीच्या (फोन आणि वेबसाठीच्या ठरलेल्या रंगांच्या) कक्षेत बसतच नाहीत. गडद मोरपंखी हा त्यातला नामांकित. फाइल एसआरजीबीतच द्या, पण अशा साडीसोबत एक ओळ लिहा: 'प्रत्यक्षात याहून गडद, हिरव्याकडे झुकणारा'. मी एका दुकानासाठी हे सुचवलं तेव्हा मालक म्हणाले, असं लिहिलं तर कोण घेईल? आता ते स्वतःच लिहून पाठवतात.

लग्नाच्या, समारंभाच्या फोटोंना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. समईच्या उजेडात कार्ड धरून क्लिक केलंत तर औक्षणाचा फोटो दवाखान्यात काढल्यासारखा येतो. तिथे मी कार्डाने मिळालेल्या आकड्यापासून सुरुवात करतो आणि ऊब परत येईपर्यंत टेम्प वाढवतो. विकायच्या साडीला मात्र ही सूट नाही.

परत आलेल्या दोन साड्या अजून घरात असतील. सकाळी दहाच्या सुमारास, दिवे बंद, जाळी बाजूला, कार्ड पदराला चिमट्याने लावून त्यांचे पुन्हा फोटो काढा. एडिट झाल्यावर लॅपटॉप खिडकीपाशी न्या, साडी शेजारी धरा आणि बघा. राणी तरीही सरकलेली वाटली तर टेम्पला हात न लावता मला रॉ फाइल पाठवा. मग कॅमेऱ्याच्या प्रोफाइलकडे, म्हणजे तो कॅमेरा कुठला रंग कसा दाखवतो त्या नोंदीकडे, वळावं लागेल. त्याला चोवीस चौकोनांचा रंगतक्ता लागतो, आणि तो माझ्याकडे आहे.